माळावरचा वड

कार्तिक निम्मा सरला की माझ्या मोज्यांत कुसळं निघायची. आता निघत नाहीत, कारण आता मी माळावर फारशी जात नाही. पण गेल्या आठवड्यात थंडीचे कपडे काढायला लोखंडी पेटी उघडली आणि जुन्या मोज्याच्या घडीतून एक कुसळ बोटात घुसलं. चार वर्षांपूर्वीचं असणार. धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या मोज्यात ते आपलं टोक शाबूत ठेवून बसलं होतं. माझं औषधांचं दुकान आहे, दिवसभर मी लोकांना सुया विकते. पण इतकी कळवळून मी सुईला कधी ओरडले नाही. नवरा बाहेरून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, थंडी आली."

या दिवसांत आमच्या लासुर्ण्याचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा असतो. मागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी लावलेले ड्रायव्हर, रस्त्यावर सांडलेल्या कांड्या, आणि संध्याकाळी वारा फिरला की कारखान्याकडून येणारा मळीचा वास. पाहुण्यांना तो सोसत नाही. आम्हाला तो आल्याशिवाय हंगाम सुरू झाल्यासारखा वाटत नाही. आमचा मुलूख कालव्याचा. जिकडे बघावं तिकडे हिरवं, आणि तेही सरळ रांगेत लावलेलं. म्हणूनच की काय, इकडच्या माणसाला मोकळी जमीन बघवत नाही. ती दिसली की त्याचे हात शिवशिवतात. इथे काहीतरी लावलं पाहिजे असं त्याला आतून वाटतं, आणि लावल्यावर आपण पुण्य केलं असंही वाटतं. ही आमची खोड आहे. माझीही होती.

वरकुटे गावाच्या अंगाला पुढे पुढे गेलं की पाट संपतो आणि त्याच्याबरोबर ऊसही संपतो. मुरमाड चढ लागतो. वर गेलं की चिंकारा हरणांसाठी राखलेला माळ. एक गंजलेली पाटी, एक वाकलेलं फाटक आणि त्यापुढे नुसतं गवत. कार्तिकात ते भाजलेल्या शेंगांच्या टरफलाच्या रंगाचं होतं. सकाळी दवानं भिजलेल्या गवताला थोडा गुळमट, थोडा कोंदट वास येतो. ऊन चढलं की तो वास जातो आणि सगळा माळ खसखस वाजायला लागतो. बस, एवढंच. डोंगर नाही, धबधबा नाही, देऊळ नाही. भिगवणला रोहित पक्षी बघायला गाड्यांची रांग लागते; पक्षी बघायचे, मासे खायचे, फोटो काढायचे, घरी जायचं. आमच्याकडे बारामतीहून कुणी चुकून आलंच तर गाडीतून उतरायच्या आधी काच खाली करून विचारायचं, "इथे बघायचं काय आहे?"

आम्ही दहा-बारा जण तिथे स्वयंसेवक होतो. कार्तिक ते फाल्गुन, दर रविवारी सकाळी साडेसहाला फाटकापाशी. आलेल्या लोकांना घेऊन माळ फिरवून आणायचा, वाटेत दारूच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं दिसतील ती पोत्यात भरायची, आणि जे जनावर दिसेल ते वहीत लिहायचं. मला या भानगडीत ओढलं रंजनानं. रंजना माझी पाचवीपासूनची मैत्रीण, एका बाकावरची. लग्नानंतर दोघी लासुर्ण्यातच पडलो. तिच्या सासरी रोपवाटिका आहे, उसाची रोपं, डाळिंबाची कलमं, सगळं. तिची आठवण मोठी दांडगी. दहावीच्या निरोपसमारंभाला कुणी कुठल्या रंगाची साडी नेसली होती, कुणाची कुणाला मागून आणलेली होती, हे ती आजही सांगते. मला नवऱ्याचा वाढदिवस आठवत नाही. तो सकाळी सकाळी रंजनाच मेसेज करून कळवते. कळवायची.

आणि आमचे म्होरके होते आबा. आबा कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे पाळी आली की कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, ते बघणारा माणूस. अशा माणसाशी सगळा गाव गोड बोलतो आणि पाठ वळली की शिव्या घालतो. निवृत्त झाल्यावर ते कधी पाटाच्या बाजूला फिरकले नाहीत. रोज उठून माळावर जायचे. पांढरी टोपी, धोतर, पायात टायरच्या चपला, आणि गळ्यात कुणीतरी दिलेली एका डोळ्याची दुर्बीण. तिची दुसरी नळी आंधळी होती. "येकच डोळा बरा," म्हणायचे, "दोन डोळ्यांनी बघनारी मानसं लई इकडं-तिकडं बघत्यात." मला ते डाक्टरीण म्हणायचे. औषधाच्या दुकानात बसते म्हणून. मी सांगून थकले.

त्यांची माळ दाखवायची एक रीत होती. एकामागं एक चालायचं, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं, म्हणजे गवत एकाच वाटेनं झोपतं. पहिला तासभर कुणी बोलायचं नाही. आमच्यातल्या काही बायकांना हे पाळणं म्हणजे उपासापेक्षा अवघड, त्यात मीही आले. आणि मग एका ठिकाणी आबा थांबायचे, हात खाली करायचे, आणि सगळ्यांना उकिडवं बसवायचे. पुण्याहून आलेले जीनवाले लोक, त्यांचे गुडघे कटाकट वाजायचे.

"बसा, बसा. उभ्यानं माळ दिसत न्हाय."

आणि खरंच, बसलं की माळ दिसायचा. उभं असताना जे सपाट आणि रिकामं होतं, ते बसल्यावर गल्लीबोळांचं गाव व्हायचं. बुंध्याबुंध्यातून गेलेल्या उंदरांच्या वाटा, कोळ्यांची दवानं जड झालेली जाळी, सशाच्या लेंड्या, खोकडानं उकरलेली माती. लांबवर गवताच्या टोकांवरून दोन कान दिसायचे, मग डोकं, मग चिंकारा शेपटी हलवत आमच्याकडे टक लावून बघायचा. आबा हळूच सांगायचे की तो एवढा निवांत उभा आहे कारण त्याला चहूकडचं लांबवर दिसतंय. मधे झाड नाही, आडोसा नाही. लांडगा यायचा तर अर्ध्या कोसावरून दिसणार. "तुमाला वाटतं हितं काय न्हाय. हितं काय न्हाय म्हनूनच हे हाय." हे वाक्य त्यांनी दर रविवारी म्हटलं असेल आणि दर रविवारी मला ते नव्यानं कळल्यासारखं वाटायचं.

ज्या हंगामाविषयी लिहायला बसले आहे तो आबांचा शेवटचा. तेव्हा अर्थात माहीत नव्हतं. पौषातला एक रविवार होता, गारठा एवढा की बोटं वळत नव्हती. त्या दिवशी कुणी पाहुणे आलेच नाहीत, आणि आमच्यातलेही सगळे लग्नकार्याला पांगलेले. आबा, रंजना आणि मी, तिघंच. माळाच्या कडेला, जिथे राखीव हद्द संपून गावाचं गायरान सुरू होतं, तिथे एक उंचवटा आहे. गवत दोन्हीकडे एकच; त्याला सातबारा कळत नाही. त्या उंचवट्यावर बसून आम्ही भाकरी सोडली. रंजनाची बाजरीची भाकरी, माझा शेंगदाण्याचा ठेचा, आबांच्या सुनेनं दिलेलं वांगं. रंजना एका हातानं खात होती आणि दुसऱ्या हातानं साडीच्या काठातली कुसळं उपसत होती.

आबा एकदम म्हणाले, "हे बघा पोरींनो. मी गेलो म्हंजे माज्या नावानं झाडबिड लावू नका."

रंजना म्हणाली, "आबा, जेवताना काय हे!"

"आता नवीन निघालंय ना. राख नदीला सोडायची न्हाय, खड्ड्यात घालायची आन् वर झाड. चांगलंच हाय ते, नदी तरी घान होत न्हाय. पर मला नगं. माजी राख हितं गवतात उधळा. वाऱ्यावर. सपलं."

"आणि लावलं तर झाड?" मी मुद्दाम विचारलं.

"तर मी त्याच झाडावर कावळा हून बशीन आन् तुमच्या चंडोलाची अंडी खाईन." मग त्यांनी हात धुतला, टोपी सारखी केली आणि आमच्याकडे बघितलं. हसणं गेलं होतं. "चेष्टा न्हाय करत. येक झाड लावलं की दुसरं लावत्यात. तुमी दोघी ऱ्हाल म्हनून सांगतोय. व्हय म्हना."

मी म्हणाले, "व्हय." रंजना म्हणाली, "व्हय आबा." तिनं कुसळं उपसायची थांबवून म्हटलं. मला तिचा थांबलेला हात अजून दिसतो.

त्याच हंगामातल्या शेवटच्या फेरीला, फाल्गुनात, आबांनी आम्हाला त्याच उंचवट्याजवळ डोंबारी चंडोलाचं घरटं दाखवलं. हा पक्षी मुठीएवढा. सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, आणि जमिनीला टेकणार एवढ्यात पुन्हा वर जातो, म्हणून डोंबारी. घरटं म्हणजे गवताच्या बुडाशी एक वाटीएवढा खळगा, त्याच्या कडेला मांडलेले मुरमाचे खडे, आत दोन अंडी. एक पाऊल चुकलं तर संपलं. आम्ही श्वास धरून बघितलं आणि आल्या पावलांनी मागे सरकलो. जमिनीवर घर करणाऱ्याला झाडाचं भय का, ते त्या दिवशी मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. झाड म्हणजे कावळ्याचं मचाण.

आषाढात आबा गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी इंदापूरला दवाखान्यात नेता नेता गाडीतच. गोळ्या माझ्याच दुकानातून गेल्या होत्या. त्या विचारानं मी बरेच दिवस झोपले नाही, पण ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी सावडायला गाव गोळा झालं. बाळासाहेब, आबांचा एकुलता मुलगा, ओल्या कपड्यांत उभा होता. राख गोळा करून पितळी कलशात भरली, आणि मग तो म्हणाला, "आपण रक्षा नदीला सोडणार नाही. आबांना माळ आवडायचा. तिथं गायरानात खड्डा घेतलाय. रक्षा त्यात घालून वड लावायचा. आबा सावली होऊन ऱ्हातील." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "ह्याला म्हनत्यात सुधारना." बायका बाजूला उभ्या होत्या, तिथून मी पुढे झाले. अशा वेळी बाईनं बोलू नये हे मला कळतं. पण म्हणाले, "बाळासाहेब, आबांनी सांगितलं होतं, झाड लावू नका म्हणून. राख गवतात उधळा म्हणाले होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाळासाहेबाचे डोळे लाल. तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "कुणाला सांगितलं ताई?"

"मला. आणि रंजनाला."

मग सगळे रंजनाकडे बघायला लागले. तिनं पदर सारखा केला. माझ्याकडे बघितलंच नाही. कलशाकडे बघत म्हणाली, "मला न्हाय बाई आठवत असं काय म्हनल्याचं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली. कुणीतरी मागून माझ्या दंडाला धरून मला बायकांत ओढलं आणि कानात म्हणालं, "दुःखात मानसाला काय बी आठवतं गं." तोपर्यंत पुरुष माळाकडे निघालेही होते. मीही गेले. का गेले, माहीत नाही. उंचवट्यावर, जिथे आम्ही भाकरी खाल्ली होती, तिथेच खड्डा होता. गवत उपटून बाजूला टाकलेलं. आणि खड्ड्याशेजारी काळ्या पिशवीतलं वडाचं रोप, पिशवीवर रंजनाच्या रोपवाटिकेचा शिक्का. म्हणजे आदल्या दिवशीच ठरलं होतं. रोप तिनंच दिलं होतं. ती जागाही तिनंच सांगितली असणार. आबांना तो उंचवटा आवडायचा, हे आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत होतं?

मला राग आला असं म्हणणं फार थोडं होईल. मला आपण फसवले गेलो असं वाटलं, आणि तेही कुणा परक्यानं नाही, जिच्या वहीतून मी इतिहासाची उत्तरं उतरवली तिनं. खोटं बोलताना तिनं मला वेडी ठरवलं. त्यापुढचे कित्येक दिवस मी स्वतःलाच तपासत होते: आबा खरंच म्हणाले होते ना? तो रविवार झाला होता ना? आठवणीला साक्षीदार एकच उरला आणि तो फितूर झाला, की माणूस एकटा पडतो. मी घरी आले, दुकान उघडलं, आणि पहिल्या गिऱ्हाइकाला चुकीचं मलम दिलं.

आबांचं म्हणणं अक्षर न अक्षर खरं झालं. पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी वडिलांची रक्षा घेऊन आलं, मग कुणी सासूची, कुणी अपघातात गेलेल्या भावाची. वडाच्या शेजारी दोन ओळी झाल्या. बाळासाहेबानं स्मृतिवन अशी कमान लावली. प्रत्येक रोपाला सिमेंटची पाटी, पाटीवर नाव. माणसं आपापली मेलेली माणसं घेऊन येत होती. त्यांना काय म्हणणार, तुमची आई इथे नको? मी एकदा फक्त जाऊन बघितलं. पाण्याच्या टँकरनं गवतात दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. कमानीवर कावळा बसला होता, मला हसूही आलं आणि रडूही. डोंबारी चंडोलाची जागा कुठली, ते आता ओळखू येत नव्हतं. चिंकारे त्या बाजूला येईनासे झालेत असं वहीत लिहिलेलं होतं, रंजनाच्याच अक्षरात. मग मी जाणं सोडलं.

रंजनाशी बोलणं सोडलं, पण तिला सोडणं जमलं नाही. गावात औषधांची दुकानं दोनच आणि दुसऱ्याचा मालक लहरी माणूस, कधी उघडेल त्याचा नेम नाही. तिला बी.पी.ची गोळी लागते. ती महिन्याला यायची, कागद काउंटरवर ठेवायची. आणि गोळ्या देताना बोलावं तर लागतंच. मी म्हणायची, "सकाळी एक, नाष्ट्यानंतर." ती म्हणायची, "बरं." पावणेतीन वर्षं आमच्या मैत्रीत एवढीच दोन वाक्यं राहिली. एकदा तिची गोळी बदलली, तेव्हा मी म्हणाले, "आता अर्धीच." त्या दिवशी तिला काही तरी जास्त बोलायचं होतं असं वाटलं. मी शटरकडे बघत राहिले.

गेल्या चैत्रात ती आली तेव्हा हातात कागद नव्हता. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. पंखा गरम वारा मारत होता. ती आत येऊन स्टुलावर बसली, पूर्वी बसायची तशी.

"पुण्याला चाल्लीय," ती म्हणाली. "पोरीचं बाळतपन. दोन म्हैने तरी लागतील."

मी गल्ल्यातली सुटी नाणी मोजत राहिले.

"वडाला पानी घालशील का? आठवड्यातनं येकदा. बाकीची झाडं गेली गं सगळी. लावताना येत्यात, फोटो काढत्यात, परत कोन न्हाय. बाळासाहेबाला बी येळ न्हाय. मीच घालती दर रविवारी. ह्या उन्हात दोन म्हैने न्हाय घातलं तर जाईल."

मला एवढा धक्का बसला की मी हसले. "तू मला सांगतेस? मला?"

तिनं मान खाली घातली. मग ती बोलायला लागली, पाठ म्हणून दाखवावं तसं. "पौष म्हैना होता. तुज्या अंगात तपकिरी सेटर होता, कोपराला उसवल्याला. आबांनी वांगं आनलं हुतं. म्हनाले, मी गेलो म्हंजे माज्या नावानं झाडबिड लावू नका. राख हितं गवतात उधळा, वाऱ्यावर, सपलं. येक झाड लावलं की दुसरं लावत्यात. व्हय म्हना, म्हनाले. मी म्हनले व्हय आबा." तिनं मान वर केली. "समदं आठवतंय मला. रोज आठवतंय."

"मग त्या दिवशी?"

"आदल्या दिशी बाळासाहेब आमच्या दारात आला. बाप गेल्याला मानूस, चार घास खाल्ले न्हवते. म्हनला, वैनी, आबांनी मला कधी माळावर नेलं न्हाय. तुमाला नेलं. निदान एक झाड तरी माज्या हातनं तितं लावू द्या. त्याला न्हाय कसं म्हनायचं? मी म्हनले, रोप मी देते. आन् दुसऱ्या दिशी तू समद्यांम्होरं बोललीस. पोरगं राख घिऊन उभं. मी काय करायचं सांग."

"मला सांगायचंस. आदल्या रात्री. फोन करायचा."

"तू आयकलं नसतंस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. तिनं मला बाळासाहेबाच्या दुःखाइतकंही मोजलं नव्हतं. मी म्हणाले, "रंजना, तू मला गावासमोर खोटी पाडलीस." ती म्हणाली, "व्हय." आणि उठली. जाताना पायरीवर थांबून म्हणाली, "जमलं तर बघ." मी हो म्हणाले नाही.

आणि गेले नाही. एक आठवडा, दोन, तीन. ऊन असं पडलं होतं की दुकानातलं खोकल्याचं औषध पातळ झालेलं. मी मनाशी सरळ हिशेब मांडला होता. आबांनी झाड नको म्हटलं होतं. मला ते उपटायला जायचं नव्हतं, कुणाशी भांडायचं नव्हतं. मला फक्त घरात बसायचं होतं. मी काहीच केलं नाही की आबांचा शब्द आपोआप राहणार होता. इतका सोपा न्याय करणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्यात मला एक गोडी वाटत होती.

चौथ्या रविवारी सकाळी मी स्कूटी काढली. वाळला आहे ना, एवढंच बघून यायचं, असं घरात सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. कमान एका बाजूला कलली होती. दोन ओळींतल्या बाकीच्या रोपांच्या नुसत्या काटक्या, आणि काटक्यांसमोर पाट्या: कुणाचे वडील, कुणाची सासू. वड माझ्या खांद्याएवढा झाला होता. पानं खाली लोंबत होती, कडांनी तांबूस, हात लावला तर कडकड वाजत होती. बुंध्याजवळचं आळं भेगाळलेलं. शेंड्याला मात्र एक कोंब होता, लालसर, मिटलेला. अजून गेला नव्हता.

मी तिथे बसले, उकिडवी. सवयीनं. समोर गवत उन्हानं पांढरं पडलेलं आणि मध्ये हे एकटं. मी मोठ्यानं म्हणाले, "आबा, तुम्हीच सांगितलं होतं." माळावर मोठ्यानं बोललं की आवाज कुठेच अडकत नाही, जातच राहतो. मला वाटलं होतं की हे म्हटल्यावर हलकं वाटेल. पण मला दिसत होतं ते एवढंच की या मुळांत आबा आहेत. चांगले की वाईट, त्यांच्या मनाविरुद्ध की कसे, पण या माळावर जे काही आबा उरलेत ते इथे आहेत आणि त्यांना पाणी नाही. मी उठले आणि स्कूटीपर्यंत गेले. किल्ली लावली. नाही निघवलं.

खालच्या अंगाला एक वस्ती आहे, दोन घरांची. दारात एक म्हातारी शेळीला पाला टाकत होती. मी हंडा मागितला. इथे उन्हाळ्यात पाणी मागणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. ती बया पाणी अर्ध्या मैलावरून आणते. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कुनाला पायजे?"

"आबांना," मी म्हणाले.

तिनं भरलेला हंडा पुढे केला आणि म्हणाली, "येक पुरायचा न्हाय. दुसरा बी न्या." दोन खेपा केल्या. कमरेवर हंडा घ्यायची सवय मोडलेली. सगळी सलवार भिजली. आळ्यात पाणी ओतलं तेव्हा भेगांतून आधी बुडबुडे आले, मग ते सगळं आत गेलं, आणि ओल्या मातीचा वास आला. मी तिथे रडले. आबांसाठी की स्वतःसाठी, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना व्हय म्हणाले होते. रंजनानं तो शब्द मोडला तेव्हा तिच्यासमोर बाप गेलेलं पोरगं उभं होतं. मी मोडला तेव्हा माझ्यासमोर कुणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. मागे तान्ह्या बाळाचं रडणं. मुलगी झाली होती, दोघी बऱ्या होत्या. मी बरं वाटल्याचं सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "वडाला घातलंस का गं पानी?"

माझी सलवार मागच्या दोरीवर वाळत होती, मला ती खिडकीतून दिसत होती.

"नाही," मी म्हणाले. "गेलेच नाही मी तिकडे."

तिकडून तिनं बाळाला थोपटल्याचा आवाज आला. ती रडेल, चिडेल, मला दुष्ट म्हणेल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर मी कदाचित सांगितलंही असतं.

"बरं केलंस," रंजना म्हणाली. "तू तरी आबांचं आयकलंस."

मी फोन ठेवला आणि मागे जाऊन अर्धओली सलवार दोरीवरून काढून आणली.